गाठीतल्या खुणा आणि त्यांची पारख

स्तनाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर दोन प्रश्न उरतात. रोग पुन्हा उलटण्याची शक्यता किती? आणि ती कमी करण्यासाठी कोणते औषध द्यावे? त्यांची उत्तरे शोधताना गाठीच्या पेशींमधली किंवा रक्तातली जी मोजता येण्याजोगी लक्षणे वापरली जातात, त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. एखादे प्रथिन, एखाद्या जनुकाच्या वाढलेल्या प्रती, विभाजन पावणाऱ्या पेशींचे प्रमाण किंवा अनेक जनुकांचा एकत्रित गुणांक, यांपैकी काहीही मार्कर असू शकते. गेल्या पन्नास वर्षांत असे शेकडो मार्कर सुचवले गेले. रोजच्या वापरात टिकले ते मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे का गळाले, हे समजून घेतले की टिकलेल्यांचे मोलही कळते.

मार्करची कामे दोन प्रकारची असतात आणि त्यांची गल्लत फार होते. काही मार्कर रोगाचा स्वभाव सांगतात: उपचार कोणताही असो, ही गाठ आक्रमक आहे की संथ. त्यांना भवितव्यदर्शक म्हणता येईल. दुसरे मार्कर विशिष्ट औषध लागू पडेल की नाही ते सांगतात, ते उपचारसूचक. एकच खूण दोन्ही कामे करू शकते, पण एक काम करते म्हणून दुसरेही करते असे गृहीत धरता येत नाही. रोगाचा स्वभाव वाईट आहे एवढे कळल्याने कोणते औषध चालेल ते कळत नाही.

तरीही निव्वळ भवितव्य कळण्याला स्वतंत्र किंमत आहे. समजा, एखाद्या केमोथेरपीने रोग उलटण्याची शक्यता सर्वच रुग्णांत एक चतुर्थांशाने घटते. ज्यांचा धोका मुळात शंभरात चाळीस आहे, त्यांच्यात तो तीसवर येतो, म्हणजे शंभरातल्या दहा जणींचा फायदा होतो. ज्यांचा धोका शंभरात चार, त्यांच्यात तो तीनवर येतो. तिथे एकीच्या फायद्यासाठी शंभर जणींना केस गळणे, मळमळ, जंतुसंसर्ग आणि क्वचित हृदयावरचे दुष्परिणाम सोसावे लागतात. औषध तेच, परिणामाचे प्रमाणही तेच. केमो घ्यावी की नाही याचे उत्तर मात्र मूळच्या धोक्यावर ठरते.

हा धोका सांगण्याची जुनी साधने साधी आहेत आणि चांगलीही आहेत. गाठ किती सेंटिमीटर, काखेतल्या किती लसिकाग्रंथींत रोग पोहोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, म्हणजे गाठीची ग्रेड कोणती. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांनी १९८२ मध्ये या तिन्हींचे एक सोपे गणित मांडले. गाठीच्या आकाराला ०.२ ने गुणायचे, त्यात ग्रंथींसाठी १ ते ३ आणि ग्रेडसाठी १ ते ३ गुण मिळवायचे. दोन सेंटिमीटरची गाठ, ग्रंथी स्वच्छ आणि ग्रेड २ असेल तर ०.४ अधिक १ अधिक २, बेरीज ३.४. एवढी किंवा त्याहून कमी बेरीज चांगल्या गटात मोडते, ५.४ च्या वरची वाईट गटात. कागद-पेन्सिलीने होणारे, वेगळा खर्च नसलेले हे गणित नव्या मार्करपुढची पहिली परीक्षा ठरते. या तीन गोष्टी माहीत असताना नवी चाचणी आणखी काय सांगते? वाईट ग्रेडच्या गाठीत जे प्रथिन हमखास वाढलेले असते, ते मोजून भवितव्य सांगता येतेच. पण ती माहिती ग्रेडने आधीच दिलेली असते.

या परीक्षेतून सर्वांत दिमाखाने पार पडलेली खूण म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, रिपोर्टावरच्या भाषेत ‘ईआर’. तिची कथा १८९६ मध्ये सुरू होते. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी बळावलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचे बीजाशय काढले आणि गाठी आकसल्याचे नोंदवले. पुढे दिसले की असा फायदा साधारण एक तृतीयांश बायकांनाच होतो. कोणाला होईल हे आधी सांगता येत नव्हते, त्यामुळे उरलेल्यांची शस्त्रक्रिया वाया जात होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोमध्ये एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन वापरून दाखवले की हे संप्रेरक ठरावीक ऊतींतच धरून ठेवले जाते, कारण तिथल्या पेशींत त्याला पकडणारे प्रथिन असते. ज्या गाठींत हे प्रथिन भरपूर, त्यांपैकी निम्म्याहून अधिक संप्रेरकविरोधी उपचारांना प्रतिसाद देतात; ज्यांत ते नाही, त्यांत दहातली एखादीही मुश्किलीने. पुढे इस्ट्रोजेनला रोखणारे टॅमॉक्सिफेन हे औषध आले आणि हजारो रुग्णांच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ईआर निगेटिव्ह रुग्णांत त्याचा उपयोग जवळपास शून्य. उपचारसूचक मार्कर म्हणतात तो असा.

भवितव्यदर्शक म्हणून मात्र हाच मार्कर जरा फसवा आहे. पहिल्या पाच वर्षांत ईआर पॉझिटिव्ह रुग्णांची स्थिती निगेटिव्ह रुग्णांपेक्षा स्पष्टपणे चांगली दिसते. निगेटिव्ह गाठी उलटायच्या तर बहुधा लवकर उलटतात आणि नंतर धोका ओसरतो. पॉझिटिव्ह गाठींचा धोका मात्र रेंगाळतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या विश्लेषणात, पाच वर्षे उपचार पूर्ण केलेल्या बायकांमध्येही विसाव्या वर्षापर्यंत रोग दूरच्या अवयवांत उलटत राहिल्याचे दिसले. पाच वर्षांवर थांबलेला अभ्यास या मार्करला पुरे गुण देतो, वीस वर्षांचा अभ्यास तेवढे देत नाही. म्हणून मार्करच्या कोणत्याही दाव्यासमोर पहिला प्रश्न असावा, की रुग्णांवर किती वर्षे लक्ष ठेवले.

हर-टू या मार्करची वाट वेगळी. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसचे डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासल्या आणि त्यांतल्या ३० टक्क्यांत हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या. अशा बायकांत रोग लवकर उलटत होता. त्या वेळी ही केवळ अशुभ खूण होती. ती कळून करायचे काय, याला उत्तर नव्हते. १९९८ मध्ये याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला चिकटणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. २००५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ते देण्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल लागले आणि रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. एका औषधाने खुणेचा अर्थच उलटा केला: पूर्वी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी होती, आता ती परिणामकारक उपचार हाती असल्याची बातमी आहे. मार्करचे मोल कायमचे ठरलेले नसते. त्याच्या काळात कोणती औषधे उपलब्ध आहेत, त्यावर ते ठरते.

या दोन यशांमागे फसलेल्या मार्करची लांब रांग आहे. तिच्यातले सर्वांत बोलके उदाहरण कॅथेप्सिन-डी नावाच्या विकराचे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो येथे विल्यम मॅग्वायर यांच्या प्रयोगशाळेकडे गोठवलेल्या गाठींचा मोठा संग्रह होता. हर-टूच्या अभ्यासातल्या गाठीही तिथल्याच. १९९० मध्ये या गटाने एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की ग्रंथी स्वच्छ असलेल्या रुग्णांत कॅथेप्सिन-डी जास्त असेल तर रोग उलटण्याचा धोका बराच वाढतो. शोध तर्काला धरून होता, कारण हे विकर आजूबाजूची ऊती विरघळवते आणि कर्करोगाला पसरायला वाट करून देऊ शकते. जगभर त्याचे मोजमाप सुरू झाले. चार वर्षांनी त्याच गटाने वेगळ्या आणि अधिक रुग्णांवर तपासणी करून जाहीर केले, की पहिल्या निष्कर्षाला पुष्टी मिळत नाही. स्वतःचा गाजलेला शोध स्वतःच खोडून काढण्याचा हा प्रामाणिकपणा विरळा.

असे का घडते? अनेक कारणांत सर्वांत चोरटे कारण म्हणजे सीमारेषेची निवड. मार्करचे माप सलग असते, तीन, सात, बारा, चाळीस असे काहीही. डॉक्टरला मात्र ‘कमी’ की ‘जास्त’ एवढेच हवे असते. मग संशोधक संगणकाला एकेक सीमारेषा लावून बघायला सांगतो आणि जिथे दोन गटांत सर्वांत मोठा फरक दिसेल ती निवडतो. निव्वळ यादृच्छिक आकड्यांवर हा खेळ केला तरी कुठे ना कुठे फरक दिसतोच. संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले, की खोटा फरक खरा वाटण्याची शक्यता पाच टक्के धरलेली असताना, अशा निवडीमुळे ती चाळीस टक्क्यांच्या आसपास पोहोचते. पेशीविभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींचे प्रमाण मोजणाऱ्या एका चाचणीसाठी निरनिराळ्या अभ्यासांनी तब्बल १९ वेगवेगळ्या सीमारेषा वापरल्या होत्या. एका गावात ‘जास्त’ ठरलेली गाठ दुसऱ्या गावात ‘कमी’.

दुसरे कारण अभ्यासाचा आकार. दोनशे रुग्ण म्हटले की संख्या भरघोस वाटते, पण सांख्यिकीत इथे वजन असते ते रोग उलटलेल्या रुग्णांना. ग्रंथी स्वच्छ असलेल्या दोनशे जणींपैकी चाळीस जणींत रोग उलटला, तर अभ्यासाची खरी पुंजी चाळीस. तेवढ्यावर आकार, ग्रेड, वय, ईआर आणि नवा मार्कर एवढ्यांचा वेगवेगळा वाटा काढायचा म्हणजे हिशेब डळमळणारच. त्यात फ्रीझरमध्ये जपलेल्या गाठी बहुधा मोठ्या आकाराच्या असतात, कारण छोट्या गाठीतून निदानासाठी लागणारा तुकडा घेतल्यावर जपायला काही उरत नाही. म्हणजे नमुनाही एकांगी.

तिसरे कारण माणसाचेच. निराशाजनक निकाल लिहिण्यात कोणाला रस नसतो आणि छापण्यातही नसतो. २००७ च्या एका पाहणीत, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कर्करोग मार्करवरच्या दीड हजारांहून अधिक लेखांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लेखांनी काही ना काही ‘लक्षणीय’ सापडल्याचे सांगितले होते. एवढे मार्कर खरोखर उपयोगी असते तर रुग्णांच्या फायली बघायला डॉक्टरांना ज्योतिषाचीच पदवी लागली असती.

मॅग्वायर यांनी १९९१ मध्येच मार्करच्या मूल्यमापनासाठी नियम सुचवले होते: आधी ठरवलेले गृहीतक, पुरेशी रुग्णसंख्या, मोजमापाची खात्री, स्वतंत्र रुग्णांवर पडताळणी. २००५ मध्ये लिसा मॅकशेन, ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘रिमार्क’ नावाची वीस कलमांची यादी अनेक नियतकालिकांत एकाच वेळी छापली. रुग्ण कसे निवडले, किती गळाले, नमुने कसे साठवले, सीमारेषा कशी ठरवली, हे सगळे लेखात उघडपणे लिहिण्याची अपेक्षा तिच्यात आहे. यादीने वाईट अभ्यास चांगला होत नाही. पण वाईटपणा लपवणे अवघड होते, आणि तेही कमी नाही.

आकडेमोड निर्दोष असली तरी मोजमाप चुकले तर सगळे फुकट. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड प्रांतात २००५ मध्ये लोब्यूलर प्रकारच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची ईआर चाचणी निगेटिव्ह आल्याने डॉक्टरांना शंका आली, कारण या प्रकारच्या गाठी जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह असतात. पुन्हा तपासल्यावर ती पॉझिटिव्ह निघाली. मग १९९७ पासूनचे हजाराच्या वर नमुने टोरांटोला फेरतपासणीला गेले आणि जवळपास चारशे रुग्णांचे निकाल बदलले. या बायकांना टॅमॉक्सिफेनसारख्या औषधाचा लाभ मिळू शकला असता. न्यायिक चौकशी बसली आणि २००९ मध्ये तिचा अहवाल आला. मार्कर उत्तम होता, औषध उत्तम होते. प्रयोगशाळेतली रंगक्रिया आणि तिच्यावरची देखरेख कमी पडली.

ईआरची चाचणी आता पातळ काप काचपट्टीवर घेऊन प्रतिपिंडाच्या साह्याने रंगवून केली जाते. एक टक्का पेशींची केंद्रके रंगली तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर रिपोर्टात ‘लो पॉझिटिव्ह’ असा उल्लेख करावा, अशी २०२० ची सूचना आहे. रंग येणे न येणे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांतल्या कित्येक गोष्टी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर घडतात. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि तिथे किमान सहा, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण मिलिमीटरभरच शिरते. काढलेला अख्खा स्तन न कापता लहान बरणीत कोंबून पाठवला, तर कडेचा भाग टिकतो आणि आतल्या गाठीतली प्रथिने वाटेतच नासतात. अशा नमुन्यावरचे ‘निगेटिव्ह’ हे गाठीचे लक्षण नसून बरणीचे असते. म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या शेजारच्या निरोगी दुग्धनलिकांकडे आधी पाहतो. त्यांच्या काही पेशी रंगायलाच हव्यात. त्याच कोऱ्या राहिल्या असतील तर चाचणी फसली, असे समजून ती पुन्हा करायची.

हर-टूच्या चाचणीत पेशीच्या आवरणावरचा रंग ०, १+, २+, ३+ असा मोजतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे संदिग्ध, आणि मग ‘फिश’ तपासणीने जनुकाच्या प्रती मोजायच्या. कोणती चाचणी किती विश्वासार्ह याची जाणीव कडू अनुभवातून आली. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २००७ मध्ये कबूल केले की प्रत्यक्ष वापरातल्या हर-टू चाचण्यांपैकी सुमारे वीस टक्के चुकीच्या असू शकतात.

की-६७ या मार्करची अवस्था याहून नाजूक. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ मध्ये सापडलेले हे प्रतिपिंड विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींना रंगवते. नावातले ‘की’ शहराचे आणि ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या खळग्याचा क्रमांक. कल्पना सरळ आहे: जेवढ्या पेशी विभागत आहेत तेवढी गाठ वेगाने वाढणार. पण कोणत्या भागातल्या पेशी मोजायच्या, पुसट रंग धरायचा की नाही, यावर माणसागणिक मत बदलते. आठ प्रयोगशाळांना त्याच गाठी मोजायला दिल्या तेव्हा एकीची सरासरी दुसरीच्या दुपटीहून जास्त आली. म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सावध भूमिका घेतली: पाच टक्क्यांपर्यंत किंवा तीस टक्के आणि त्याहून जास्त असेल तर आकड्यावर भरवसा ठेवावा, मधल्यावर नको. बहुतेक रुग्ण मध्येच असतात, ही खरी अडचण. त्याच वर्षी अमेरिकेत ॲबेमासिक्लिब हे औषध की-६७ वीस टक्के किंवा जास्त असलेल्यांनाच देण्याची अट घातली गेली आणि २०२३ मध्ये ती काढून टाकली गेली, कारण आकडा कमी असलेल्यांनाही औषधाचा फायदा होत होता. की-६७ भवितव्य सांगत होता, औषध कोणाला लागू पडेल ते नव्हे.

पुरावा कोणत्या दर्जाचा, हा पुढचा टप्पा. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मार्करसाठीच आखलेली चाचणी, ज्यात रुग्णांचे उपचार चिठ्ठ्या टाकून ठरतात. तिला दहा-पंधरा वर्षे लागतात. २००९ मध्ये रिचर्ड सायमन, सूनम्युंग पाइक आणि डॅनियल हेज यांनी मधला मार्ग मांडला: पूर्वीच्या औषधचाचण्यांत जपलेले गाठींचे ब्लॉक वापरायचे, पण विश्लेषणाचा आराखडा आधी लिहून ठेवायचा आणि निकाल किमान दुसऱ्या एका चाचणीतल्या नमुन्यांवर पडताळायचा. २१ जनुकांची ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी त्याआधीच याच वाटेने आली होती. २००४ मध्ये ६६८ रुग्णांच्या जुन्या ब्लॉकांवर तिने कमी, मध्यम आणि जास्त गुणांकाचे गट पाडले. दहा वर्षांत रोग दूर पसरण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.८, १४.३ आणि ३०.५ टक्के निघाले. प्रश्न उरला मधल्यांचा. त्यासाठी ‘टेलरएक्स’ चाचणीत दहा हजारांहून अधिक बायकांची नोंद झाली आणि ११ ते २५ गुणांक असलेल्यांना केमोसह किंवा केमोशिवाय संप्रेरक उपचार दिले गेले. २०१८ मधल्या निकालात नऊ वर्षांनी दोन्ही गटांतला फरक नगण्य होता. पन्नाशीच्या आतल्या आणि १६ ते २५ गुणांक असलेल्या बायकांत मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेल्या ७० जनुकांच्या मॅमाप्रिंटची ‘माइंडॅक्ट’ चाचणीही अशीच. जुन्या मापांनी धोका जास्त पण जनुकांनी कमी ठरलेल्या बायकांपैकी केमो न घेतलेल्या सुमारे ९५ टक्के जणींत पाच वर्षे रोग दूर पसरला नाही.

पुरावा भक्कम असूनही मागे पडलेला मार्करही आहे. यूपीए आणि पीएआय-१ या प्रथिनजोडीला आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणाचा आणि जर्मनीतल्या यादृच्छिक चाचणीचा आधार आहे. पण ती मोजायला ताज्या गाठीचा बऱ्यापैकी मोठा गोठवलेला तुकडा लागतो. सगळीकडे गाठ फॉर्मॅलिनमध्येच जाते, त्यामुळे ही चाचणी युरोपातल्या काही केंद्रांबाहेर फारशी रुजली नाही. मोजण्याची सोय हादेखील मार्करचा गुणच.

रक्तातल्या मार्करबाबत गैरसमज सर्वांत जास्त. सीए १५-३ वाढलेला आढळला की घरातले घाबरतात, नॉर्मल आला की निश्चिंत होतात; दोन्ही चूक. यकृताच्या साध्या विकारांतही तो वाढतो आणि सुरुवातीच्या कर्करोगात बहुतेकदा नॉर्मलच असतो. निदानासाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर बऱ्या असलेल्या रुग्णाच्या नियमित तपासणीसाठी तो वापरू नये, असे अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. पसरलेल्या रोगावर उपचार चालू असताना, स्कॅनच्या जोडीने, त्याचा चढउतार पाहणे एवढीच त्याची जागा. रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशींची गणना याहून अचूक भाकीत करते: साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी सापडल्या तर आयुष्य कमी, हे अनेक अभ्यासांत दिसले. मग केमोच्या पहिल्या फेरीनंतरही पेशी कमी न झालेल्या रुग्णांचे औषध लगेच बदलून पाहण्याची चाचणी झाली. २०१४ च्या निकालात औषध बदललेल्यांचे आयुष्य वाढले नव्हते. भाकीत अचूक होते आणि तरी रुग्णाच्या पदरात काही पडले नाही.

भारतात या साऱ्याला आणखी दोन पदर आहेत. येथे ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त, साधारण तीनांत एक, नोंदले गेले आहे. रुग्णांचे सरासरी वयही तिकडच्यापेक्षा सुमारे दशकाने कमी. युरोप-अमेरिकेतल्या, बहुतांशी पन्नाशीपुढच्या बायकांवर ठरलेले गुणांक येथे जसेच्या तसे लागू करताना स्थानिक पडताळणी हवी. दुसरा पदर पैशाचा. परदेशात पाठवाव्या लागणाऱ्या जनुकचाचण्यांचा खर्च लाखांत जातो. बंगळुरूमध्ये विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी जनुकांऐवजी पाच प्रथिनांचे रंग आणि आकार, ग्रेड, ग्रंथी यांची सांगड घालते आणि साध्या पॅराफिन ब्लॉकवर चालते. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तो चौकोनी तुकडा. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढे नवा मार्कर किंवा नवे औषध आले तर त्याच्यावरूनच फेरतपासणी होते. २०२२ मध्ये हर-टू अगदी कमी असलेल्या, म्हणजे पूर्वी सरसकट निगेटिव्ह म्हटलेल्या, पसरलेल्या रोगावर ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन हे औषध उपयोगी ठरल्याचे दिसले, तेव्हा ० आणि १+ यांतला, आजवर कोणी फारसा न पाहिलेला फरक अचानक महत्त्वाचा झाला आणि कपाटांतले जुने ब्लॉक आणि काचपट्ट्या पुन्हा बाहेर निघाल्या.